विचारून घेतलेलं पाणी

“शेठ, पाणी घेऊ का?” या चार शब्दांत वाईट काय आहे, सांगाल?

विचारणारी बाई विहिरीच्या काठावर उभी आहे. कमरेवर रिकामा हंडा. समोर विहिरीचा मालक उभा आहे म्हणून ती थांबली आहे, त्याला मान देते आहे. तुम्ही म्हणाल, ही तर आपल्याकडची रीत. मीही असंच म्हणाले असते. पण हे चार शब्द कानावर पडले की जालशेठ घाबरायचे. रागवायचे नंतर, आधी घाबरायचे. पायाजवळून जनावर सरपटत गेल्यावर माणूस जसा जागच्या जागी थिजतो, तसे ते थिजायचे. मी त्यांचा तो चेहरा जवळून पाहिला आहे.

आज ते नाहीत. ज्याला ते घाबरत होते ते मात्र त्या विहिरीवर जगणाऱ्या वाडीच्या वेशीवर येऊन थांबलं आहे.

जालशेठ पारशी होते. पेठला, पुणे-नाशिक रस्त्याला लागून त्यांचा बर्फाचा कारखाना होता. वडिलांनी सुरू केलेला. बर्फाच्या लाद्या आणि जोडीला सोड्याच्या बाटल्या. मासळीवाले, रसवंतीवाले, लग्नाचे आचारी, सगळे बर्फ त्यांच्याकडूनच न्यायचे. जाल हे पारशांत जुनं नाव आहे, पण आमच्या लोकांना ते कधी उमगलं नाही. बर्फ करतो, विहीर बांधतो, म्हणजे हा ‘जल’च असणार, असं ठरवून सगळे त्यांना जलशेठ म्हणत. ते कुणाला दुरुस्त करत नसत. “बरोबरच हाय, बावा,” म्हणायचे, “माझ्या बापानेच एक काना जास्तीचा लावला.”

बोलणं पेठचंच, अधूनमधून गुजराती. रागावले की ‘साला’, माया आली की ‘डीकरा’. पँटचा पट्टा बेंबीच्या वर बांधलेला. चालताना डावा हात मागे, जणू पाठीमागून कुणीतरी त्यांना धरून आणतंय.

त्यांनी दिलेल्या गोष्टींवर त्यांचं नाव कुठेच नाही. शाळेच्या खोल्या आहेत, दवाखान्यातलं बाळंतिणीचं दालन आहे. शोधलंत तरी पाटी सापडणार नाही. पण लोकांना सगळ्यात जास्त आठवतो तो मयताचा बर्फ. मुलं मुंबईला, पुण्याला. म्हातारा इकडे गेला तर पोरं येईस्तोवर थांबायचं कसं? जालशेठना कुठूनतरी बातमी कळायची आणि कुणी मागायच्या आत टेम्पो दारात येऊन उभा राहायचा. लाद्या उतरवून ड्रायव्हर निघून जायचा. पैसे नाहीत, निरोप नाही. पुढे पुढे असं झालं की तो निळा टेम्पो गल्लीत वळला की बाया हातातलं काम टाकून तो कुणाच्या दारी थांबतो ते बघायच्या. एकदा हळदीच्या घरी सोड्याचे खोके घेऊन टेम्पो गेला, तर नवरदेवाची आत्या भिंतीला धरून रडायला लागली. “अगं बया, कोण गेलं?” जालशेठनी हे ऐकलं आणि टेम्पो पिवळा रंगवून घेतला. महिन्याभरात लोक पिवळ्या टेम्पोलाही घाबरायला लागले.

“मागायच्या आत का देता?” मी एकदा विचारलं होतं.

“मागितलं की माणूस लहान होतो,” ते म्हणाले. “आणि देणारा मोठा होतो. साला दोन्ही वाईट.”

मी जुन्नरची. वडिलांचा छोटा छापखाना. आमच्या घरात दोरीवर कपड्यांपेक्षा पत्रकंच जास्त वाळत असायची. दान, उदारता, दातृत्व हे शब्द आमच्याकडे शिवीसारखे वापरले जात. त्यामुळे घाटघरच्या अलीकडे डोंगरातल्या वाडीला पाणी देणारी एकुलती एक विहीर पेठच्या एका पारशी शेठच्या मालकीची आहे, हे कळल्यावर मी काय केलं असेल, ते तुम्हाला कळलंच असेल. पत्रक लिहिलं. ‘डोंगराचं पाणी एका शेठच्या खिशात!’ आणि ते द्यायला सरळ त्यांच्याच कारखान्यात गेले.

त्यांनी चष्मा लावून ते उभ्या उभ्या वाचलं. मागे बर्फाची करवत कर्रकर्र चालू होती. वाचून झाल्यावर खूश होऊन म्हणाले, “फर्स्ट क्लास! कोणी लिहिलं?”

“मी.”

“मस्त शिव्या दिल्या मला. पण एक मोठी चूक हाय, डीकरी.” बोट ठेवून दाखवलं. मी लिहिलं होतं, ‘गावकऱ्यांना या विहिरीतून पाणी घेऊ दिले जाते.’

“यात चूक काय? खरंच आहे ते.”

“घेऊ दिले जाते?” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “कोण देतो? मी देतो? मी कोण? काट ते. लिही, ‘गावकरी पाणी घेतात.’ घेतात! बस. मला अजून चार शिव्या घाल, पण ते ‘घेऊ दिले’ काट.”

मला वाटलं म्हातारा व्याकरणाचा वेडा आहे. काटलं. त्यांनी ती सगळी पत्रकं आपल्याच टेम्पोतून पार तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, आण्याच्या पठारापर्यंत वाटायला पाठवली. ती लाद्यांवर ठेवल्यामुळे भिजली आणि शाई पसरून वाचण्यासारखं काही उरलं नाही, ही गोष्ट वेगळी.

विहीर ज्या जमिनीत आहे, ती त्यांच्या आजोबांनी इंग्रजांच्या काळात उन्हाळ्याच्या हवेसाठी घेतली होती. बंगला कधी बांधलाच नाही. कड्याखाली एक झरा होता. डोंगरात पाऊस एवढा पडतो की कौलं फुटतात, पण ते सगळं पाणी घाटाखाली पळून जातं आणि चैत्र लागला की वाडीत प्यायलाही थेंब नसतो. हा एक झरा तेवढा आटत नाही. जालशेठनी त्याच्याभोवती दगडी विहीर बांधून काढली, पायऱ्या केल्या. ती नसती तर बायांना थेट खालच्या घळीत उतरावं लागलं असतं. तिथे पाणी आहे आणि बिबटेही आहेत. विहिरीच्या आधी तिथे एक बाई गेली होती, परत आली नाही. वाडी त्या बाईचं नाव घेत नाही.

ते विहिरीवर यायचे तेव्हा आधी डोक्यावर मखमलीची गोल टोपी चढवायचे. पारशांना पाणी पवित्र, उघड्या डोक्याने त्यासमोर उभं राहायचं नाही. वर्षातून एकदा पाण्याचा सण म्हणून घरून दाळनी पोरी करून आणायचे. वाडीतली पोरं त्याला ‘लठ्ठ पुरणपोळी’ म्हणायची. काठावर फुलं ठेवायची, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायचं, आणि मग टोपी तशीच डोक्यावर ठेवून ज्या कामासाठी आलो ते सुरू करायचं. काम म्हणजे वाडीला उद्धटपणा शिकवणं.

हो, उद्धटपणाच. त्यांची गाडी दिसली की बाया बाजूला व्हायच्या, पदर सावरायच्या आणि तेच चार शब्द. वाडीतली चांगुणाबाई सगळ्यात जुनी पाणी भरणारी. तिच्याशी त्यांची कायमची जुंपलेली.

“इचारू नको म्हणून किती वेळा सांगितलं तुला?”

“आवं, पण मालक समोर उभा असताना मुकाट हंडा बुडवायचा म्हंजी चोरीच की. आमाला आईबापानं वळण लावलंय.”

“मोडून टाक ते वळण.”

“बरं. मंग काय म्हनू?”

“काही म्हणू नको. मी आडवा आलो तर धक्का मार.”

बाया तोंडावर पदर धरून हसल्या. पण चांगुणाबाई चांगुणाबाईच. पुढच्या खेपेला शेठ पायरीवर उभे होते, ती भरलेला हंडा घेऊन वर आली आणि कोपराने त्यांना ढोसून म्हणाली, “सरका बाजूला, पावणं! वाटंत काय हुबं ऱ्हायलाय?”

स्वतःच्या विहिरीवर पावणं! म्हाताऱ्याला एवढा आनंद मी कधी झालेला पाहिला नाही. त्यांनी तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या. नंतर तो खेळच झाला. शेठ आले की बाया मुद्दाम त्यांच्या बुटावर पाणी सांडायच्या, “कुनाचं म्हातारं हाय गं हे?” म्हणायच्या. ते बाहेरगावच्या लोकांनाही तेच सांगायचे. नाणेघाटाकडे जाणारी ट्रेकची पोरं, मेंढरंवाले, एसटीचे ड्रायव्हर, कुणीही काठावर थबकून विचारलं की यांचं ठरलेलं उत्तर: “मला कशाला विचारता? माझं थोडंच हाय? प्या आणि चालू पडा.”

पण एखादी नवीन सून अजूनही चुकून विचारायची आणि ते थिजायचे. मी शेवटी कारण विचारलं. आम्ही विहिरीच्या पायरीवर बसलो होतो. टळटळीत दुपार होती, तरी त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावून घेतली.

“पेठला आमच्या कारखान्याच्या मागून एक वाट होती,” ते म्हणाले. “ओढ्याकडच्या घरांची. पोरं शाळेत त्याच वाटेने. माझ्या बापाला तिथे शेड बांधायची होती. वाट बंद केली. लोक कोर्टात गेले. बाप हरणार होता. सगळ्यांना माहीत होतं, वाट जुनी. लोकांच्या बाजूचा एक म्हातारा साक्षीला उभा राहिला. भला माणूस. आमच्या वकिलाने हसत हसत विचारलं, ‘बाबा, शेठजी कसे माणूस आहेत?’ म्हातारा म्हणाला, ‘देवमाणूस. आमी कधी बी त्यांना इचारल्याबिगर त्या वाटंनं गेलो न्हाई.’”

“मग?” मी विचारलं. 

“बस. तिथे केस संपली. विचारून जात होते, म्हणजे हक्क नव्हता, परवानगी होती. परवानगी बापाची, बापाने काढून घेतली. म्हातारा खोटं बोलला होता, डीकरी. तो कधीच विचारत नव्हता. चांगलं दिसावं म्हणून बोलला. बाप घरी आला आणि पोटभर जेवला. मी समोर बसलो होतो.”

कायद्यात याला वहिवाट म्हणतात. वाट असो की पाणी, लोक वर्षानुवर्षं उघडपणे, आपलं समजून वापरत आले तर तो त्यांचा हक्क होतो. विचारून वापरलं तर ती मेहेरबानी. हक्क कुणाला हिसकावता येत नाही. मेहेरबानी एका सकाळी संपते. आपल्या गरिबांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेली अदब त्यांच्याच गळ्यात फास होऊन बसते, हे मला शंभर पत्रकांनी सांगितलं नव्हतं. ते मला एका कारखानदाराने सांगितलं.

“मग वाडीच्या नावावरच करून टाका ना विहीर,” मी म्हणाले.

“माझ्या एकट्याची असती तर तुला ते पत्रक लिहायची पाळी आली नसती.” जमिनीवर मुंबईच्या पुतण्याचंही नाव होतं आणि पुतण्या सही करत नव्हता. “मी आहे तोपर्यंत त्याची हिंमत नाय. मी गेलो की तो विकेल. तेव्हा यांच्याकडे फक्त यांची सवय असेल. म्हणून सवय नीट पाहिजे.”

आणि मग तो दगड आला.

त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली, तेव्हा वाडीने ठरवलं की यंदा शेठना चकित करायचं. पुढाकार चांगुणाबाईचा नवरा कोंडाजी याचा. कोंडाजी म्हणजे वाडीतला शब्दाला जागणारा माणूस. त्याने घरटी वर्गणी गोळा केली, जुन्नरहून काळा गुळगुळीत दगड कोरून आणला, विहिरीच्या कठड्यात सिमेंटने बसवला, वर झेंडूचा हार. शेठना हाताला धरून आणलं. बाया नटून आल्या होत्या. दगडावर कोरलं होतं:

‘श्री. जलशेठ यांच्या मालकीची विहीर. त्यांच्या कृपेने व परवानगीने ग्रामस्थांसाठी खुली.’

जालशेठनी ते वाचलं. टोपी डोक्यावर होती, ती त्यांनी का कोण जाणे काढली.  मग ते म्हणाले, “फोडा.”

लोक हसले. कोंडाजी सगळ्यांत जास्त हसला. “शेठ लाजत्यात!”

“फोड रे ते, कोंडाजी. पाया पडतो तुझ्या.”

शेठ पाया पडतो म्हणाले, त्यामुळे बायांचे डोळे भरून आले. केवढा मोठा माणूस! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, गवंड्याची हातोडी पडली होती ती उचलली. कोंडाजीने ती हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली. “न्हाई शेठ. तुमच्या वयाला शोभत न्हाई. तुमचं नाव कुठंच न्हाई, एवढं तरी ऱ्हाऊ द्या. आमी काय बेइमान हाय?” मी बोलायचा प्रयत्न केला. वहिवाट, कायदा, परवानगी. ढोल वाजत होते. कुणीतरी माझ्या हातात पेढा ठेवला.

पुढे कितीदा तरी त्यांनी आणि मी तो दगड काढायला सांगितला. दर वेळी वाडी आणखी ठाम झाली. आपण नको म्हटलं की समोरच्याला आपला मोठेपणा दिसतो; भीती कुणालाच दिसत नाही.

दोन वर्षांत जालशेठ गेले. पुण्याला त्यांच्या माणसांत त्यांचे विधी झाले. वाडीतली माणसं पेठपर्यंत गेली आणि बंद कारखान्याच्या फाटकाला हार घालून परत आली. वर्ष सरायच्या आत पुतण्याने जमीन एका रिसॉर्ट कंपनीला दिली.

तुम्हाला वाटेल, मग गुंड आले, दमदाटी झाली. तसं झालं असतं तर बरं होतं. तसल्याशी भांडता येतं. गाडीतून तीन सभ्य माणसं उतरली. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. मोजणी केली. मग त्यातल्या एकाला कठड्यातला दगड दिसला. त्याने वाकून वाचला, सोबतच्याला हाक मारली, तोही वाकला. दोघांनी दगडावरची धूळ रुमालाने पुसली आणि फोटो काढले. सगळ्या बाजूंनी. कोंडाजी अभिमानाने शेजारी उभा होता. “आमीच बसवलाय,” त्याने त्यांना सांगितलं. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

आता विहिरीभोवती तारेचं कुंपण आहे आणि फाटकावर वॉचमन. पाणी बंद नाही. कंपनी म्हणते, खुशाल न्या, फक्त वॉचमनला विचारून न्या. तो पोरगा बायांना ताई म्हणतो. टेकायला खुर्ची देतो. आणि बाया रोज सकाळी फाटकाशी थांबून त्याला विचारतात. मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं तेव्हा माझा तोल गेला. मी चांगुणाबाईवर ओरडले, “शेठना ढोसत होतीस ना? मग याला काय विचारतेस?”

तिला राग आला नाही. हंडा खाली ठेवून ती म्हणाली, “शेठला मी सरका म्हनायची, कारन शेठ आपला व्हता. ह्या पोराला कशी म्हनू? परका हाय. परक्याला इचारावंच लागतं, पोरी.”

 

कोंडाजीला सगळं समजलं आहे. त्याला दगड फोडायचा आहे. आता फोडता येत नाही. फोटो त्यांच्या वकिलाकडे आहेत आणि दगडाला हात लावला तर पुरावा नष्ट केला म्हणतील. तो विहिरीवर जात नाही. “वाडीचं पानी मी बंद केलं,” एवढंच म्हणतो आणि ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसतो. यंदा होळी झाल्या झाल्याच डोंगर करपला आहे. कंपनीचा स्विमिंगचा खड्डा खोदून तयार आहे. तो भरायला लागला की वॉचमनचं उत्तर बदलेल. त्यासाठी त्याला उद्धट व्हायचीही गरज नाही. खालच्या घळीकडची जुनी पायवाट बायांनी आत्तापासूनच कोयत्याने साफ करायला घेतली आहे. 

मी जालशेठना शेवटचं पाहिलं ते त्या विहिरीवरच. त्यांना गाडीतून उतरवावं लागलं होतं. टोपी घालायला हात वर जाईना, मी घालून दिली. ते काठावर उभे राहून खाली पाण्याकडे बघत होते. इतक्यात कोंडाजी धावत आला आणि हात जोडून म्हणायला लागला, “शेठ, तुमच्यामुळं आमी…” जालशेठनी झटकन पुढे होऊन आपला तळहात त्याच्या तोंडावर ठेवला. दाबून धरला. कोंडाजीचे डोळे पाण्याने भरले. त्याला वाटलं ही माया आहे. मी बाजूला उभी होते. शेठ त्याच्याकडे बघतच नव्हते. आजूबाजूला कुणी ऐकलं तर नाही ना, ते बघत होते.

आम्ही जुन्नरला मामलेदार कचेरीत दावा लावला आहे. तारीख कचेरीबाहेरच्या फळ्यावर आहे. वाडीची माणसं बोलतील, पण त्यांच्यापुढे तो दगड धरला जाईल. म्हणून बाहेरची माणसं हवी आहेत. घाटघरला, नाणेघाटाला जाताना तुम्ही कधी त्या विहिरीवर थांबून पाणी प्यायला असाल, तर त्या तारखेला या. न विचारता प्यायला असाल तर तसं सांगा. विचारून प्यायला असाल तर तेही खरं सांगा. आणि तुम्ही विचारल्यावर त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने तुम्हाला काय उत्तर दिलं होतं, तेही शब्दन्‌शब्द सांगा.